नव्या सरपंच ताई, सुरुवातीला एवढं सांभाळा

ताई, अभिनंदन! खटाव तालुक्यात पहिल्यांदाच खुर्चीवर बसताय, धाकधूक होणारच.

सहीचं आधी सांगते. ग्रामनिधीच्या खात्यावर तुमची आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाची), दोघांची सही लागते. कोऱ्या चेकवर सही करायची नाही, भाऊसाहेब (हेच अधिकारी) कितीही घाईत असले तरी. डिजिटल सहीचा डोंगल (पेनड्राइव्हसारखा असतो तो) कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये राहू देऊ नका. काम जागेवर जाऊन बघा, बिल वाचा, मग पेन उघडा. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, ठरावाखाली मोकळी जागा सोडलेली दिसली, तर तिथे रेघ मारायला लावा.

नवऱ्याला किंवा दिरांना "आजचा दिवस तुम्ही बसा" म्हणू नका. लोकांना एकदा सवय लागली की कामं घेऊन ते त्यांच्याकडेच जातात. घरच्यांचा सल्ला जरूर घ्या, पण घरी.

ग्रामसभेआधीची महिला सभा बऱ्याच जणी कागदावरच उरकतात. तुम्ही खरोखर घ्या. नळाच्या वेळा, रेशन, अंगणवाडी, सगळं तिथे निघतं आणि ग्रामसभेत बायका तुमच्या मागे उभ्या राहतात.

कोणी आवाज चढवला तर "लेखी द्या" म्हणा. वित्त आयोगाचा निधी, गावाचे विकास आराखडे नंतर बघू. अडलं तर हक्कानं विचारा.