कथेत प्रत्येक प्रसंगात पाचही इंद्रियांची वर्णनं यायला हवीत का? ती कृत्रिम वाटू नयेत म्हणून काय करावं?

नाही, यायला नकोत. आणि तुम्हाला हे ज्यांनी सांगितलं असेल त्यांनाही माझं हेच उत्तर आहे.

एका कथालेखन कार्यशाळेत आम्हाला पाच रकान्यांचा तक्ताच दिला होता. प्रसंग लिहिला की रकाने भरायचे, एखादा रिकामा राहिला तर लेखन कच्चं. माझ्या कथेतली बाई अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची वर्षानुवर्षं शुश्रूषा करत होती. खोलीचं वर्णन होतं, पण वासाबद्दल चकार शब्द नव्हता. मार्गदर्शकांनी समासात लाल शाईने लिहिलं, ‘वास कुठे आहे?’ मी म्हटलं, सर, तिला तो येतच नाही. ते हसले, मग बाकीचेही हसले. ‘तिला नसेल येत, वाचकाला आला पाहिजे!’

सतत असलेला वास नाकाला काही मिनिटांतच जाणवेनासा होतो. अंगाला लावलेलं अत्तर ज्याचं त्याला थोड्या वेळाने कळत नाही ते त्यामुळेच. मग त्याच खोलीत आयुष्य काढणाऱ्या बाईला ‘औषधांचा उग्र दर्प’ कुठून येणार? तो दर्प लेखकाला येतो, कारण खोलीत नुकताच शिरलेला असतो तो लेखक. माझ्या कथेत दोन पानांनंतर नणंद येते, दारातच थबकते, रुमाल नाकाला लावते आणि लगेच, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून, त्याच रुमालाने कपाळ पुसते. बाईने ते पाहिलेलं असतं. वास तिथे होता. सरांनी ते पान वाचलं होतं की नाही, देव जाणे.

तेव्हा हे आत्ता कोणाला जाणवतंय, एवढं बघा. घाबरलेल्या माणसाचं लक्ष आक्रसतं. समोर शस्त्र असलं की साक्षीदारांना शस्त्र आठवतं, धरणाऱ्याचा चेहरा धड आठवत नाही, असं मानसशास्त्राच्या कितीतरी प्रयोगांत दिसलंय. अशा प्रसंगात तुम्ही भिंतीचा रंग आणि पाखरांची किलबिल घातलीत की भीती गेलीच. शिवाय पाच हा आकडा तरी कुठे पुरतो? तोल जाणं, पोटात कालवणं, पायाला मुंग्या येणं, अंधारात अजून एक पायरी आहे समजून टाकलेलं पाऊल... यांना त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

कृत्रिमपणाचं म्हणाल तर बहुतेक वेळा दोष विशेषणांचा असतो. ‘मंद सुवास’, ‘मखमली स्पर्श’ वाचून कोणाच्या नाकाला किंवा बोटांना काही होत नाही. ‘दाराचा कर्कश आवाज आला’ कशाला, ‘दार करकरलं’ म्हणा.

हां, कवितेला यातलं बरंचसं लागू नाही. सर्वज्ञ निवेदक असेल तर तो हवं ते हुंगू शकतो. आणि पहिल्या खर्ड्यात सगळं ओतायलाही हरकत नाही, तिथे तो तक्ता चालेलसुद्धा. फक्त तो हातात घेऊन दुसऱ्याच्या कथेला मार्क द्यायला बसू नये.