एमपीफोर नुसती कॉपी केली म्हणून डीव्हीडी होत नाही

तुमची अडचण मला समजली ती अशी. आईवडिलांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट दुकानात देऊन तुम्ही तिची एमपीफोर करून आणलीत, २ तास ४० मिनिटांची. ती विंडोजमधून कोऱ्या डीव्हीडीवर टाकलीत, तर आत्याच्या प्लेयरने 'अननोन डिस्क' म्हणून ती परत केली. शिवाय आजोबांच्या कीर्तनाच्या एमपीथ्री काकांच्या जुन्या गाडीत वाजायला हव्यात. आणि या सगळ्यासाठी "फुकटातलं एकच चांगलं सॉफ्टवेअर सांगा" असं म्हणताय.

एकच नाही सांगता येणार, कारण कामं दोन आहेत. प्लेयरला कळेल अशी डिस्क 'तयार करणं' वेगळं आणि ती 'राइट करणं', म्हणजे फाइली डिस्कवर उतरवणं, वेगळं. तुम्ही फक्त दुसरं केलंत. आत्याच्या प्लेयरला डिस्कवर व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर हवा असतो, त्यात व्हीओबी आणि आयएफओ फाइली, आणि चित्र एमपेग-२ या जुन्या पद्धतीने साठवलेलं, आपल्याकडच्या पाल पद्धतीचं म्हणजे ७२० बाय ५७६. तुमच्या एमपीफोरमधलं चित्र बहुधा एच.२६४ या नव्या पद्धतीचं आहे. ते त्याला वाचताच येत नाही. डिस्क चांगली आहे, ड्राइव्हही चांगला आहे, प्लेयर बिचारा जुन्या पिढीतला आहे इतकंच.

तयार करण्यासाठी डीव्हीडीस्टायलर घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं. दिसायला काही देखणं नाही, पण काम चोख. नवीन प्रोजेक्ट उघडलं की ते पाल की एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) विचारतं, पाल निवडा. गुणोत्तर विचारलं की ४:३. इथे बरेच लोक हौसेने १६:९ करतात आणि मग नवरानवरी, भटजी, करवल्या सगळे आडवे सुटलेले दिसतात.

आता खरी गोम बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला किती जागा मिळते त्याची. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं (कॉम्प्युटर तेच ४.३७ दाखवतो, दुकानदाराने फसवलेलं नाही). त्यात १६० मिनिटं कोंबली तर सेकंदाला आवाजासकट जेमतेम ३.९ मेगाबिट वाट्याला येतात. स्वच्छ चित्राला तेवढं चाललं असतं, पण व्हीएचएसच्या चित्रात मुंग्या असतात, आणि एमपेगला त्या मुंग्याही इमानदारीने साठवायच्या असतात. मग बिट कमी पडतात आणि हलत्या दृश्यात चौकोन चौकोन दिसू लागतात. म्हणून सरळ दोन डिस्क करा. एकीवर सीमांतपूजनापासून मंगलाष्टकांपर्यंत, दुसरीवर पंगती, उखाणे आणि पाठवणी. ८० मिनिटांना साडेसात मेगाबिटच्या आसपास मिळतात, मग काळजी नाही. ड्युअल लेयर (दोन थरांच्या) डिस्कवर ८.५ जीबी मावतं खरं, पण जुने प्लेयर तिच्यावर अडखळतात. मी तरी त्या वाटेला जात नाही.

डीव्हीडीस्टायलरला थेट राइट करायला सांगू नका, आयएसओ फाइल (अख्खी डिस्क एकाच फाइलीत) बनवायला सांगा. ती आधी कॉम्प्युटरवरच व्हीएलसीमध्ये लावून बघा. मग इमेजबर्न या सॉफ्टवेअरने राइट करा. इमेजबर्नची शेवटची आवृत्ती २.५.८.०, २०१३ सालची. तेव्हापासून त्याला कोणी हात लावलेला नाही, तरी विंडोज १० वर माझ्याकडे बिनतक्रार चालतंय. फक्त इन्स्टॉल करताना डोळे उघडे ठेवा. काही ठिकाणच्या सेटअपमध्ये नको ती पाहुणेमंडळी (भलतीच सॉफ्टवेअरं) सोबत येतात, तेव्हा नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट करू नका.

राइट करायचा वेग ८एक्स ठेवा आणि 'व्हेरिफाय'ची (राइट केलेलं परत वाचून तपासायची) खूण काढू नका. पुतण्याच्या मुंजीच्या १२ डीव्हीडी मी एका रात्रीत १६एक्सने मारल्या होत्या, व्हेरिफाय न करता, स्वस्तातल्या कोऱ्या डिस्क आणून. पाच घरांतून फोन आले. मातृभोजनापर्यंत चालते आणि पुढे अडकते, सगळ्यांची एकच तक्रार. डिस्क बाहेरच्या कडेला बिघडली होती, आणि राइट आतून बाहेर होतं.

नीरोबद्दलही विचारलंय तुम्ही. एकेकाळी सीडी राइट करायची म्हणजे नीरोच. त्याच्या चिन्हातलं जळतं कलोसियम आणि 'बर्निंग रॉम' म्हणजे सम्राट नीरोच्या काळचं जळतं रोम, हा श्लेष मला कित्येक वर्षांनी कळला! आज दोन-चार डिस्कसाठी पैसे मोजायची गरज नाही. 'एका क्लिकमध्ये डीव्हीडी' म्हणणाऱ्या चाचणी आवृत्त्या तर टाळाच. त्यातल्या बऱ्याच जणी लग्नाच्या मधोमध आपलं नाव छापतात.

कीर्तनाचं काम सोपं आहे, पण आधी काकांना विचारा, गाडीचा स्टीरिओ एमपीथ्री वाचतो का. वाचत असेल तर साधी डेटा सीडी करा, ७०० एमबीत दहा-बारा तास सहज बसतील. फाइलींची नावं रोमन लिपीत आणि पुढे ०१, ०२ असे आकडे इंग्रजीत. देवनागरी नावांच्या जागी असे स्टीरिओ चौकोन दाखवतात. वाचत नसेल तर ऑडिओ सीडी करावी लागेल. तिथे एमबी विसरा, मिनिटं मोजा. एमपीथ्री कितीही लहान असो, सीडीत ८० मिनिटंच मावतात. सीडीबर्नरएक्सपी यासाठी पुरेसं आहे. त्यात 'डिस्क ॲट वन्स' निवडा आणि ट्रॅकमधली जागा काढून टाका, नाहीतर एरवी दोन ट्रॅकमध्ये २ सेकंदांची शांतता येते. पूर्वरंग संपून बुवा उत्तररंगात शिरताना, टाळ चालू असताना मध्येच ती शांतता आली की कसंसंच होतं. लिनक्सवर सीडीचं हे सगळं केथ्रीबी या प्रोग्राममध्ये होतं. मॅकवर ॲपलचं डीव्हीडी बनवायचं आयडीव्हीडी केव्हाच गेलं, तिथे 'बर्न' नावाचं फुकट ॲप बघा.

कोऱ्या डिस्क घ्यायच्या तर थोड्या जास्तच घेऊन ठेवा. कोऱ्या डिस्क बनवणारी आपली मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली, आणि सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत राइट करायच्या ब्लू-रेचं उत्पादन थांबवलं. डिस्कवर कागदी स्टिकर लावू नका, मार्करने लिहा. आणि मूळ एमपीफोर हार्डडिस्कवर राहू दे. डीव्हीडी फक्त आत्याने बघायला.

मेनूत मराठी अक्षरं हवी असतील तर ती दुसरीकडे लिहून त्याचं चित्र करा आणि डीव्हीडीस्टायलरमध्ये पार्श्वभूमी म्हणून लावा, म्हणजे जोडाक्षरं फुटायची भीती नाही. बटणं मोठी ठेवा. प्लेयरवरचं मॉडेल नंबरचं लेबल आत्याकडून विचारून इथे टाकलंत तर कोऱ्या डिस्कच्या दोन प्रकारांतली डीव्हीडी-आर घ्यायची की प्लस-आर, तेही बघून सांगतो.