शत्रू मेल्यावर औषध मिळण्याची शक्यता १०% ठेवली, तरी ते पडतच नाही. कोड चुकलाय का?

तुमचा गेम अजिंक्यताऱ्यावरचा, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. पहारेकरी पडला की १०% वेळा औषध, ५% वेळा तलवार. आणि साताऱ्यातले मित्र म्हणतात औषध येतच नाही.

औषधाचा हिशोब बरोबर आहे. दहा पहारेकरी मारूनही औषध न मिळण्याची शक्यता म्हणजे ०.९ चा दहावा घात, जवळपास ३५%. तिघांतला एकजण रिकाम्या हातानं राहणारच.

चूक तलवारीत आहे. 'एल्स इफ'मध्ये, म्हणजे औषध पडलं नाही तरच चालणाऱ्या अटीत, तुम्ही रँडम आकडा नव्यानं काढताय, त्यामुळं तलवार उरलेल्या ९०% मधूनच निघते आणि ५% ची ४.५% होते. वस्तू वाढतील तसा हा फरक वाढत जातो. आकडा एकदाच काढा आणि वस्तूंना वजनं द्या: काहीच नाही ६०, नाणी २५, औषध १०, तलवार ५. बेरीज १००. समजा ८८ आला. ६० वजा केले, उरले २८. नाण्यांचे २५ वजा केले, उरले ३. हे औषधाच्या १० पेक्षा कमी, म्हणजे औषध पडलं. उद्या ५ वजनाचं चिलखत घातलं तर बेरीज १०५ होईल, बाकी कशाला हात लावायला नको. युनिटीच्या रँडम रेंजला, म्हणजे आकडा काढणाऱ्या फंक्शनला, पूर्णांक दिले तर वरची मर्यादा धरली जात नाही, म्हणून ० आणि वजनांची बेरीज द्या, इथं १००. ० ते ९९ मिळतात.

पण ज्या वस्तूवाचून खेळ अडतो ती नुसत्या नशिबावर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. इथं सांगलीत आमच्या बिल्डिंगमधली पोरं माझे गेम खेळून बघतात. औषधाविना दोनदा मेली की तिसऱ्यांदा सुरूच करत नाहीत, टक्केवारी कितीही खरी असो. म्हणून औषध यादीतून काढा. त्याच्यासाठी दहा चिठ्ठ्यांची लिस्ट करा, एकीवरच औषध. शफल करून दर पहारेकऱ्याला एक काढा, संपली की परत भरा. औषध आलं नाही तरच उरलेल्या ९० वजनांची यादी चालवा. तलवार बरोबर ५% च राहते. सरासरी तीच, पण सलग १८ पेक्षा जास्त पहारेकरी औषधाविना जाऊच शकत नाहीत. आजच्या टेट्रिसमध्ये सात तुकडे असेच पिशवीतून येतात. डोटा २ या गेममध्ये काही हल्ल्यांची शक्यता दर हुकलेल्या वेळेला वाढत जाते, तोही चांगला मार्ग आहे. तलवार मात्र नशिबावरच राहू द्या, तिची मजाच त्यात आहे.

मित्रांना द्यायच्या आधी हे लूपमध्ये १०,००० वेळा चालवून मोजा. औषधं बरोबर १,००० यायला हवीत, तलवारी ५०० च्या आसपास.