काठपदर : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. येत्या गौरीला नव्या सुनेला नेसवायला म्हणून इरकल आणली. हिरवं अंग, लाल पदर, गोमी नक्षीचा काठ. घरी उलगडून पाहिली तर अंग संपतं तिथे पन्हाभर आडवी रेघ आहे, हाताला जरा जाड लागते. फॉल लावणाऱ्या बाई म्हणाल्या, "पदर वेगळा जोडलाय, मशीन मारून घेऊ, नाहीतर निसटेल." दुकानदार म्हणतो, हीच खरी खूण. कुणाचं खरं मानू? आणि सगळ्या जावा जरीकाठी रेशमी नेसतील, तिथे इरकल बरी दिसेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : साडी ठेवून घ्या, आणि त्या रेघेवर मशीन मुळीच मारू देऊ नका. दुकानदार खरं बोलतोय. फॉलवाल्या बाईंचंही अर्धं खरं आहे: पदर वेगळाच असतो. पण तो शिवून जोडलेला नाही, मागावरच जोडून विणलाय.

इरकल हे नाव आलं इळकलवरून, आणि इळकल हे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गाव. तिथे अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा करतात आणि पदराचा वेगळा, बहुतेक लाल रेशमाचा. मग दोन्ही ताण्यांची टोकं समोरासमोर आणून अंगाच्या धाग्याच्या फासात पदराच्या धाग्याचा फास अडकवायचा. एक झाला की शेजारचा, असं या काठापासून त्या काठापर्यंत. या जोडाला तिकडे कोंडी म्हणतात. नंतर त्यावरून बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे ठोकून बसवले जातात, त्यामुळे तो निसटत नाही. तुमच्या बोटाला लागते ती जाडी या फासांची. मशीनची सुई त्यातून गेली तर धागे तुटतील, आणि मग मात्र साडी खरोखर उसवेल. पिनही त्या रेघेवर टोचू नका, चार बोटं सोडून लावा.

ही जोडणी प्रत्येक साडीला नव्याने करावी लागते. साध्या साडीसाठी एकच लांब ताणा लावला की एकामागून एक साड्या विणून काढता येतात, अशा वेगळ्या जोडलेल्या पदराच्या, म्हणजे टोपपदराच्या, इरकलीला ती सोय नाही. रिळं भरणं, ताण्याची तयारी करणं ही कामं बहुतेक घरातल्या बायका करतात. साडीवर विणकराचं नाव नसतं, आणि या बायकांचा तर कुणी उल्लेखही करत नाही. म्हणून इरकलीची घासाघीस करणाऱ्यांचा मला राग येतो, हे इथे स्पष्टच लिहिते.

आता तुमची साडी तपासून बघा. पदर उजेडात धरा. ताणा लाल, बाणाही लाल, म्हणून पदराचा लाल भाग कुंकवासारखा भरीव दिसायला हवा. यंत्रमागावरच्या नकलेत अंगाचाच ताणा सलग पदरात जातो आणि वरून फक्त बाणा लाल घालतात. हिरव्यावर लाल पडल्यावर रंग मळकट, तपकिरीकडे झुकलेला येतो. साडी जरा तिरकी केली की आतला हिरवा डोकावतो. आणखी एक पाहा. पदरावर तीन लाल पट्टे आणि त्यांच्यामध्ये दोन पांढरे, हा जुना ठेका. पांढऱ्याच्या कडेला फणीच्या दातांसारखी किंवा किल्ल्याच्या तटासारखी नक्षी विणलेली असते, छापलेली नसते. उलट बाजूने पाहिलं की लगेच कळतं.

गौरीला बरी दिसेल का, हे विचारायलाच नको. इरकल आपल्याला परकी नाही. विजापूर आणि धारवाड जिल्हे 1956 पर्यंत मुंबई राज्यातच होते. इळकलही तेव्हा विजापूर जिल्ह्यात होतं, बागलकोट जिल्हा वेगळा झाला 1997 साली. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या आज्या रोजच्याला सुती इरकल नेसायच्या, सणाला रेशमी. तुमच्याकडे बनशंकरी कुलदैवत असलेली घरं पुष्कळ असतील. ती मंडळी बदामीला जातात ती याच मुलखात. मला विचाराल तर जरीच्या झगमगाटात हिरव्या अंगावरचा तो लाल पदर अधिक उठून दिसेल. जावांना सांगा, पदर हातात घेऊन बघा.

धुण्याचं मात्र सांभाळा. लाल रंग पहिल्यांदा उतरू शकतो आणि पदराचे पांढरे पट्टे गुलाबी होतात. पहिली धुलाई ड्रायक्लीनच करा. पुढेही भिजत घालू नका, आणि ओली साडी पदर आत ठेवून गुंडाळू नका.

प्रश्न : इरकलवर खणाचाच ब्लाउज हवा का? दुसरा चालणार नाही?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालेल, पण खण शोभतो तसा दुसरा शोभत नाही. गुळेदगुड्डचा खण घ्या. हे गावही बागलकोट जिल्ह्यातलंच, बदामीच्या जवळ. साडीच्या अंगाशी जुळवण्यापेक्षा पदराशी किंवा काठाशी जुळवा. हिरव्या साडीवर लाल किंवा डाळिंबी खण. खणाचा पन्हा कमी असतो, त्यामुळे लांब बाह्या हव्या असतील तर एका खणात भागत नाही. आधी शिवणाऱ्या बाईंना विचारा, मगच दुकानात जा. खणाचे काठ बाह्यांना यावेत, हे त्यांना कापड कापायच्या आधी सांगा.