बॅटरीत केमिस्ट्रीवाल्यांचं काय काम?

प्रश्न : मुलगी टीवाय बीएस्सीला आहे, केमिस्ट्री घेऊन. तिला लिथियम बॅटरीच्या 'प्रिकर्सर'मध्ये काम करायचंय. बॅटरी म्हणजे इलेक्ट्रिकलवाल्यांचं क्षेत्र ना? इथल्या एका क्लासचा तीन महिन्यांचा ईव्ही कोर्स आहे, फी 40 हजार. लावू का? – एक पालक, विटा

उत्तर : ते 40 हजार तूर्त खिशातच राहू द्या. अशा कोर्सात बहुतेक तयार सेल जोडून पॅक बनवणं, वायरिंग, चार्जर एवढंच शिकवतात. वाईट काही नाही, पण तुमची लेक म्हणतेय तो प्रिकर्सर म्हणजे सेलमधल्या पुडीचा कच्चा माल. ते काम त्याच्या बरंच आधीचं, आणि सगळं केमिस्ट्रीचं. लिथियम-आयन बॅटरीला 2019 साली नोबेल मिळालं तेही रसायनशास्त्राचंच.

सेलच्या धन इलेक्ट्रोडवर काळी पूड असते. पुष्कळ गाड्यांच्या बॅटरीत ती निकेल, मँगनीज आणि कोबाल्टची असते. या तिघांचे सल्फेट पाण्यात विरघळवून ढवळत्या रिअॅक्टरमध्ये सोडतात, सोबत कॉस्टिक सोडा आणि अमोनिया. हायड्रॉक्साइडचा साका बसतो, तोच प्रिकर्सर. तो गाळून, धुऊन, वाळवून लिथियमच्या संयुगाबरोबर 700 ते 900 अंशांना भाजतात.

बारावीचं प्रॅक्टिकल वाटतं ना? मेख पुढेच आहे. तिन्ही धातू आपापल्या वेगाने खाली बसू पाहतात. अमोनिया निकेल-कोबाल्टला धरून ठेवतो, म्हणून तिघं एकत्र उतरतात. पीएच 11 च्या आसपास राखायचा. तो जरा चढला की गोल दाण्यांऐवजी बारीक चिखल होतो आणि फिल्टरमधून पाणी हटता हटत नाही. हवा लागू नये म्हणून द्रावणावर नायट्रोजन ठेवावा लागतो. कुठे गळती झाली की हवेने मँगनीज ऑक्सिडाइज होतं, केक, म्हणजे गाळलेला साका, तपकिरी पडतो. दहा-एक मायक्रॉनचा दाणा वाढवायला तासन्‌तास जातात, आणि त्याची जी घडण रिअॅक्टरमध्ये होते तीच भट्टीनंतरही टिकते. इथे बिघडलेला माल भाजून सुधारत नाही. म्हणून हे काम ज्याला जमतं त्याला मोल आहे.

आता नोकरीचं. असा माल आज प्रामुख्याने चीनमध्ये बनतो, आपल्याकडे कारखाने मोजकेच. म्हणून एकट्या प्रिकर्सरच्या भरवशावर बसू नये. पण साका पाडणं, गाळणं, धुणं आणि प्रत्येक बॅच तपासणं हे कसब रंगद्रव्यांत, कॅटॅलिस्टमध्ये, औषधांच्या कच्च्या मालातही चालतं. तारापूर, महाड, कुरकुंभ, कुठेही.

त्यासाठी आधी एमएस्सी. आयआयटीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, मुंबईची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्थाही बघा. प्रोजेक्टसाठी पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि सी-मेट या सरकारी संशोधन संस्थांमध्ये विचारावं. तमिळनाडूत कराईकुडीला सिक्री ही खास इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची सरकारी प्रयोगशाळा आहे, तिथेही अर्ज टाकावा. टायट्रेशनचा हात मात्र आत्तापासून पक्का हवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मुलीचे पालक म्हणून विचारायला हवी. निकेलच्या संयुगांची धूळ श्वासात जाणं कॅन्सरला निमंत्रण आहे. मुलाखतीत तिने मास्क, धूळ ओढणारी यंत्रणा आणि वैद्यकीय तपासणीबद्दल बेधडक विचारावं. उत्तर देताना समोरचा अडखळला तर ती नोकरी घेऊ नये.

सुट्टीत ओळखीने एखाद्या केमिकल कारखान्यात तिला दोन दिवस फिल्टर प्रेसपाशी, म्हणजे साका गाळायच्या यंत्रापाशी, उभं राहू द्या. कंटाळून आली तर क्यूसी लॅबचा, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा, विचार करू. हात रंगवून, बडबडत आली तर जॅमची तयारी सुरू करा.