कॉमेडी नाइटला एकटी गेले आणि आपल्याच लोकांत परकी वाटले

प्रश्न : ताई, मी मूळची यवतमाळची, वय ३१, बंगळुरूला टेस्टिंगमध्ये आहे. ऑफिसात मराठी बोलायला कोणी नाही, त्यामुळे इथल्या एका मराठी मंडळाची कॉमेडी नाइट आहे असं कळल्यावर लगेच तिकीट काढलं. मैत्रिणी एक कन्नड, एक मल्याळी, त्यांना नेऊन काय करणार, म्हणून एकटीच गेले. हॉलमध्ये बघते तर अर्ध्या खुर्च्यांवर ओढण्या, पर्स, पाण्याच्या बाटल्या, जिथे जावं तिथे "आमचे येतायत हो". शेवटी पहिल्या रांगेत कडेची खुर्ची मिळाली. कॉमेडियन पुण्याचा, आल्या आल्या माझ्याकडेच वळला, "एकट्याच? मिस्टरांना अजून पार्किंग मिळालं नाही का?" मी म्हटलं लग्न नाही झालं, तर अख्खा हॉल "ओऽऽऽ", आणि हा म्हणतो काकूंनो, नोंद घ्या! पुढे सगळं सेक्रेटरींचा माइक, मागच्या गणपतीतली करपलेली खिचडी, लोक पोट धरून हसतायत आणि मी उगाच हसरं तोंड करून बसलेली. कहर म्हणजे "काय करून राह्यला बे" करत वऱ्हाडी माणसाची नक्कल केली, तेव्हा सगळ्यात मोठा हशा. मध्यंतरात चहा घेऊन नोटीस बोर्डावरची जुनी पत्रकं वाचत उभी राहिले आणि दुसरा भाग सोडून मेट्रोने घरी आले. मी जास्तच मनाला लावून घेतेय का? पुढच्या महिन्यात त्यांचाच एक एकपात्री प्रयोग आहे, जाऊ की नको?
— र., बंगळुरू

उत्तर : र., तुझ्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू त्या एकाच गाठोड्यात बांधून "माझंच काही चुकतंय" असं लेबल लावलंयस, ते आधी सोडूया.

पहिलं ते मिस्टर प्रकरण. स्टँडअपवाले ज्याला क्राउडवर्क म्हणतात ना, त्यात सुरुवातीला दोन-तीन लोकांना कुठून आलात, काय करता, कोणाबरोबर आलात असं विचारून हॉल गरम करायचा असतो, आणि स्टेजवरच्या लाइटमुळे त्यांना दिसतात फक्त पहिल्या एक-दोन रांगा, मागे सगळा काळोख. त्यात एकटा बसलेला माणूस म्हणजे सोपं गिऱ्हाईक, शेजारून कोणी त्याच्या वतीने बोलत नाही. आता पंचविशीच्या पुढची बाई एकटी दिसली की नवरा कुठेय, हा जोक फारच शिळा आहे, माझ्या मते आळशीपणाच, पण तो तुझ्याबद्दल नव्हता गं, त्या खुर्चीत जी कोणी बसली असती तिला हेच ऐकावं लागलं असतं. पुन्हा असं झालं तर खरं आणि छोटं उत्तर द्यायचं, जसं तू दिलंस, आणि गप्प बसायचं. आपण उलटा पंच मारायला गेलो की तो अजून पाच मिनिटं तिथेच रेंगाळतो. बसायचं चौथ्या-पाचव्या रांगेत, त्यासाठी अर्धा तास आधी जायचं, तेव्हा ओढण्या पडलेल्या नसतात.

दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तू एकटी होतीस म्हणून परकी वाटलीस असं तुला वाटतंय, मला नाही वाटत. त्या हॉलमध्ये तू नवऱ्याला, बहिणीला, कोणालाही घेऊन गेली असतीस तरी करपलेली खिचडी तुम्हा दोघींनाही कळली नसती, कारण ती ज्यांनी खाल्ली त्यांच्यासाठीच तो जोक होता. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ होते, ते आणि त्यांचे विद्यार्थी मॉलमध्ये, फुटपाथवर लोकांचं हसणं टिपत फिरायचे, असे सुमारे १२०० प्रसंग त्यांनी गोळा केले, आणि निघालं काय तर बहुतेक वेळा लोक जोकवर हसतच नाहीत, "चल निघते", "भेटून बरं वाटलं" असल्या साध्या वाक्यांवर हसतात. हसणं हे ओळखीचं असतं. मंडळातली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरी जेवलेली, ती सेक्रेटरींच्या माइकवर नाही, सेक्रेटरींवर हसत होती.

म्हणून त्या घोळक्यात शिरायचंच असेल तर प्रेक्षक म्हणून जाणं हा सगळ्यात लांबचा रस्ता आहे. गणपतीत प्रसाद वाटायला, दिवाळी फराळाच्या स्टॉलवर, खुर्च्या लावायला कुठल्याही मंडळाला माणसं कमीच पडतात. हातात काम असलं की मध्यंतरात नोटीस बोर्ड वाचावा लागत नाही, "ताई, सुट्टे आहेत का" म्हणत लोकच येतात. पण हे तुला आवडत असेल तरच. नुसतं मराठीत हसायचंय, ओळखीपाळखी नकोयत, हेही अगदी ठीक आहे.

एकटीने जाण्याबद्दल एक सांगते. रेबेका रॅटनर आणि रेबेका हॅमिल्टन या दोघींनी २०१५ साली एक अभ्यास छापला, त्यात लोकांना वाटत होतं आर्ट गॅलरीत एकट्याने जाऊन कमी मजा येईल, प्रत्यक्षात सोबत गेलेल्यांइतकीच आली. (अर्थात गॅलरीतलं चित्र तुम्हाला मिस्टर कुठेत विचारत नाही, हा फरक आहेच.)

तिसरं, वऱ्हाडीची नक्कल. हे तू अजिबात जास्त मनाला लावून घेत नाहीयेस. वऱ्हाडीत विनोद होतो आणि फक्कड होतो, अमरावतीचे डॉ. मिर्झा रफी अहमद बेग वऱ्हाडी कवितांवर गावंच्या गावं हसवायचे, पण तिथे बोलणारा वऱ्हाडी माणूस हुशार असायचा आणि हसू यायचं पुढाऱ्यांवर, परिस्थितीवर. इथे तो माणूस असं बोलतो एवढाच जोक. अख्खं वऱ्हाड ज्या तऱ्हेने बोलतं ते बोलणं म्हणजेच येडपटपणा, ही सवय आपल्या नाटक-सिनेमांनीही लावली आहे आणि ती कंटाळवाणी आहे. तुला ज्याने तिकीट दिलं त्याला एक साधा मेसेज कर, बाकी छान होतं, पण आम्ही विदर्भातलेही तिकीट काढून येतो, तेवढी नक्कल खटकली. पर्सनल मेसेज बरं का, ग्रुपवर नको, ग्रुपवर त्याचं भांडण होतं आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला.

आता एकपात्री. जा. त्यात संहिता बसवलेली असते, हॉलमध्ये अंधार असतो, कलाकार शक्यतो प्रेक्षकांत उतरत नाही, आणि त्यातला विनोद मंडळाचा मेंबर नसलेल्यालाही कळतो कारण तोच प्रयोग ते उद्या नाशिकला करणार असतात. मधल्या काळात बंगळुरूतल्या एखाद्या ओपन माइकलाही (म्हणजे कोणीही नाव देऊन पाच मिनिटं स्टेजवर जाऊ शकतं असा कार्यक्रम) डोकावून ये, तिथे मराठी क्वचित ऐकू येईल, पण निम्मे प्रेक्षक स्वतःच्या पाच मिनिटांची वाट बघत बसलेले होतकरू कॉमेडियन असतात, तेही एकेकटेच आलेले, आणि बहुतेकांचं लक्ष आपल्या वहीत.