डर्मारोलर (बारीक सुयांचा छोटा रोलर) फिरवून व्हिटॅमिन सी सिरम लावलं तर जास्त मुरतं का? आणि आईच्या बी१२च्या इंजेक्शनऐवजी पॅच चालेल का?

गंगापूर रोडला माझं मेडिकल आहे. हे दोन्ही प्रश्न काउंटरवर नेहमी येतात.

आम्ही मूळचे पिंपळगावचे. बेदाणा करताना द्राक्षाचे घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, कारण मण्याच्या सालीवरचा मेणाचा थर आतलं पाणी बाहेर सोडत नाही. आपल्या कातडीचं तसंच आहे. वरचा मृत पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा, पण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू त्यातून सहसा जात नाही. बी१२चा रेणू १३५५चा. कितीही चोळा, वरच राहणार. व्हिटॅमिन सी १७६चंच, पण ते पाण्यात विरघळणारं आणि थर तेलकट. म्हणून तर ते सिरम इतकं आंबट ठेवतात, आंबटपणात ते या थरातून थोडं तरी जातं.

मायक्रोनीडल, म्हणजे रोलरवर किंवा पॅचवर असते तशी अगदी बारीक सुई, या थराला सरळ भोकं पाडते. १९९८मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी सिलिकॉनच्या बारीक सुयांनी हे दाखवलं. कातडीतून रेणू जाण्याचं प्रमाण हजार पटींहून जास्त वाढलं. मला सगळ्यात आवडतो तो विरघळणाऱ्या सुयांचा प्रकार. हायलुरॉनिक ॲसिडसारख्या पदार्थाच्याच सुया, व्हिटॅमिन त्यातच कालवलेलं. पॅच दाबून लावायचा, सुया आत विरघळतात, मागे टोचणारं काही उरत नाही. अडचण एकच, इतक्याशा सुयांत मावतं फार थोडं. बी१२ रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणून ते यासाठी अगदी योग्य. सी मात्र रोज कित्येक मिलिग्रॅम लागतं. ते पॅचने अंगाला पुरवणं जमणार नाही, चेहऱ्याच्या एखाद्या डागापुरतं ठीक.

रोलरने सिरम जास्त आत जातं, हे खरं. पण भोकातून नुसतं व्हिटॅमिन जात नाही, बाटलीतला सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्हही जातात. ते सिरम कातडीवर लावायला बनवलेलं असतं, कातडीत घालायला नाही. २०१४मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी तीन स्त्रियांच्या केसेस छापल्या: मायक्रोनीडलिंगसोबत असं काही लावल्यावर चेहऱ्यावर गाठी उठल्या होत्या. गेल्या दिवाळीआधी माझ्याकडे एक कॉलेजची मुलगी आली, दोन्ही गालांवर ओळीने लाल ठिपके, थेट रोलरच्या दातांच्या रांगा. तिला मी मलम दिलं नाही, आधी स्किनच्या डॉक्टरकडे पाठवलं. तुम्हीही घरी रोलर आणि सिरम एकत्र करू नका, ही कळकळीची विनंती.

आता आईंचं. ऑनलाइन बी१२चे पॅच दिसतात, त्यातले बरेचसे नुसते चिकटपट्टीचे, सुया नाहीतच. १३५५चा रेणू त्यातून कसा जाणार? इंजेक्शनला त्या कंटाळल्या असतील तर डॉक्टरांना १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीबद्दल विचारा. पोटात शोषणाची नेहमीची वाट बंद असली तरी एवढ्या डोसातलं साधारण एक टक्का आपोआप मुरतं, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. हातापायांना मुंग्या येत असतील तर मात्र इंजेक्शन स्वतःहून थांबवू नका.